सांगू कोणाले?

२०२४ मध्ये दसऱ्याच्या आधी आर्वी तालुक्यात मामांकडे गेलो होतो. सोयाबीन कापणीला आलेलं, वरून पाऊस, आणि शेताकडे जाणाऱ्या पांदणीत गुडघाभर चिखल. बंडी अर्ध्या वाटेत रुतली. मामांनी बैल सोडले आणि तंबाखू मळत उभे राहिले. मी म्हटलं, "मामा, कुणाला तरी सांगा ना हे."

"सांगू कोणाले बापा? मेंबरच नाई."

मला वाटलं, वैतागून बोलताहेत. पण ते शब्दशः खरं होतं. २०१७ मध्ये निवडून आलेल्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली होती. ओबीसी आरक्षणाचा वाद सुप्रीम कोर्टात, निवडणूक लांबलेली, कारभार प्रशासकाकडे. गावात सरपंच होते, पण पांदणीचं विचारलं की तेही वर बोट दाखवत. साधारण तेरा लाख लोकांचा जिल्हा तीन वर्षांहून जास्त काळ निवडून आलेल्या सभागृहाशिवाय चालला. आणि खरं सांगायचं तर मामा बोलेपर्यंत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं!

आमच्याकडे दिवाळीत सगळे जमले की वेगळ्या विदर्भाचा वाद ठरलेला. काका नागपूर करारापासून सुरुवात करतात. २८ सप्टेंबर १९५३ चा तो करार. विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत वाटा, दरवर्षी नागपूरला विधिमंडळाचं एक अधिवेशन. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने तर वेगळा विदर्भच सुचवला होता. तो झाला नाही. १९५६ पर्यंत राजधानी असलेलं नागपूर मग हिवाळी अधिवेशनापुरतं उरलं. पुढे घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ मध्ये राज्यपालांच्या देखरेखीत विकास मंडळं आली, अनुशेष मोजले गेले. ३० एप्रिल २०२० ला त्या मंडळांची मुदत संपली. ती पुन्हा आणण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेईपर्यंत २०२२ उजाडलं.

काकांचा राग मला समजतो. पण आता मला वेगळंच खटकतं. त्या मंडळावर आपण कुणाला निवडून दिलं नव्हतं. ते वरून आलं आणि वरूनच संपलं. ज्याने दिलं त्याच्याच हातात मुदत असेल, तर ती सत्ता नव्हे, ती उसनवारी.

माझी चुलत बहीण एडिनबरोला असते. फोनवर तिला पांदणीचा किस्सा सांगितला, तेव्हा तिने तिथली गंमत सांगितली. स्कॉटलंडची स्वतःची संसद १९९९ मध्ये सुरू झाली. पण ती उभी आहे लंडनच्या पार्लमेंटने केलेल्या एका साध्या कायद्यावर, आणि त्या कायद्यातच लिहिलंय की स्कॉटलंडसाठी कायदे करण्याचा लंडनचा अधिकार कायम आहे. म्हणजे कागदावर आपली जिल्हा परिषद जास्त भक्कम! १९९३ पासून पंचायत राज थेट घटनेत आहे. पाच वर्षांनी निवडणूक घ्या असं घटना सांगते. अकराव्या परिशिष्टात २९ विषय आहेत, रस्ते त्यातलेच.

प्रत्यक्षात काय झालं? करोनाच्या ऐन काळात, मे २०२१ मध्ये, स्कॉटलंडची निवडणूक झाली. तिथलं सरकार आयकराचे दर स्वतः ठरवतं. सभागृह तीन वर्षं रिकामं ठेवायची हिंमत लंडनमध्ये कोण करेल? कायदा आडवा येणार नाही कदाचित, लोक येतील. अर्थात, जिल्ह्याची तुलना देशाशी नको हे मला कळतं. उत्तर आयर्लंडची विधानसभा लंडनने १९७२ मध्ये गुंडाळली होती, हेही खरं. पण मुद्दा उरतोच. वरच्याचं आणि खालच्याचं पारडं नुसत्या कलमाने हलत नाही. खालच्याकडे स्वतःचा पैसा लागतो, आणि ते सभागृह नसलं तर चुकल्यासारखं वाटणारी माणसं लागतात.

हा वाद आपल्या वर्ध्याला नवा नाहीच. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. इथल्याच श्रीमन्नारायण अग्रवालांनी १९४६ मध्ये गावापासून वर जाणाऱ्या गांधीवादी घटनेचा आराखडा लिहिला. त्यावर बाबासाहेबांचं उत्तर ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात आहे, आणि ते कडक आहे. गाव म्हणजे संकुचितपणाचं डबकं, तिथे सत्ता देऊन दलिताला काय मिळणार, असा त्यांचा रोख. तो प्रश्न आजही मला खोटा वाटत नाही. पंचायती मग त्याच महिन्यात घटनेच्या चाळिसाव्या कलमात आल्या, पण नुसत्या मार्गदर्शक तत्त्व म्हणून. १९९३ मध्ये दलित, आदिवासी आणि स्त्रियांच्या राखीव जागांसह पंचायत राज घटनेत आलं, तेव्हा मला वाटतं दोघांचंही थोडं थोडं ऐकलं गेलं. म्हणून तर आरक्षणाच्याच वादात तेच सभागृह रिकामं राहावं, याचं जास्त वाईट वाटतं.

काका म्हणतात, विदर्भ झाला की सगळं सुटेल. होईल न होईल. पण झाला तरी मामांची पांदण मुंबईऐवजी नागपूरच्या फायलीत जाईल, एवढंच. अंतर कमी होईल, विचारायला माणूस मिळेलच असं नाही. मुंबईकडे हक्क मागणारे आपण आपल्याच जिल्ह्याचा हक्क तीन वर्षं विसरून गेलो होतो, हे मात्र काकांना सांगायचं धाडस यंदाच्या दिवाळीत करणार आहे. (काका, वाचताय ना?)

असो. बंडी शेवटी दोन शेजाऱ्यांनी खांदा लावून काढली. मामा म्हणाले, "चाल, भाकर थंडी होते."