फाइल राहते, किल्ली हरवते

संगणकात व्हायरस शिरल्यावर महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घेणे, डिस्क पुसणे आणि विंडोज नव्याने टाकणे, म्हणजे दुकानातल्या भाषेत ‘फॉर्मॅट मारणे’, हा उपाय आता घरोघरी परिचयाचा झाला असला, तरी त्यातल्या पहिल्या पायरीचा, बॅकअपचा, अर्थ बहुधा फार आखूड लावला जातो. छायाचित्रे, पत्रे आणि हिशेब यांची दुसऱ्या डिस्कवरची प्रत एवढाच तो अर्थ घेतला, तर फाइल वाचते. पण ती उघडण्यासाठी किंवा वाचण्यासाठी जे काही लागते ते सी ड्राइव्हबरोबर पुसले जाते, आणि पुष्कळदा तेच परत मिळवणे सर्वांत अवघड ठरते.

याचा फार मोठा दाखला २७ जून २०१७ रोजी मिळाला. युक्रेनमध्ये करविवरणासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्राम पसरला. तो पडद्यावर ३०० डॉलरची खंडणी मागत असला, तरी पैसे भरणाऱ्याला माहिती परत देण्याची सोयच त्यात नव्हती. त्याच्या तडाख्यात मर्स्क ही डॅनिश जहाज कंपनी जवळजवळ ठप्प झाली आणि न्हावा शेवा येथील जेएनपीटी बंदरात याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. कंपनीकडे अनेक सर्व्हरांचे बॅकअप होते. नव्हता तो ‘डोमेन कंट्रोलर’चा, म्हणजे जाळ्यातला वापरकर्ता कोण आणि त्याला काय उघडता येईल हे ठरवणाऱ्या सर्व्हरचा. असे सुमारे १५० सर्व्हर जगभर होते, ते सतत एकमेकांशी माहिती जुळवून घेत असत, त्यामुळे एक बंद पडला तर दुसऱ्यावरून तो पुन्हा उभा करता येईल असे गृहीत धरले गेले होते. परंतु एकमेकांना जोडलेल्या त्या सगळ्या प्रती एकाच वेळी पुसल्या गेल्या. घानामधल्या कार्यालयात वीज गेल्यामुळे हल्ल्याच्या आधीच बंद पडलेला एक सर्व्हर तेवढा सुखरूप राहिला होता, आणि तिथल्या इंटरनेटवरून त्यातली माहिती पाठवायला काही दिवस लागले असते म्हणून ती डिस्कच विमानाने, हातोहात, इंग्लंडला नेण्यात आली. सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले. हे पुनर्वसन अचाट खरेच, पण त्याचा पाया वीज जाण्याच्या योगायोगावर उभा होता, हे विसरता येत नाही.

मराठी घरांत, छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत या डोमेन कंट्रोलरची जागा फाँट घेतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटांत टाइप होत असे, आणि अशा बहुतेक फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला, तर संगणकाच्या लेखी ती ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच अशी पाच रोमन अक्षरे असतात. ती मराठी आहेत हे फाइलला ठाऊक नसते, ते फक्त फाँटला ठाऊक असते. हा फाँट विंडोजच्या ‘फाँट्स’ फोल्डरमध्ये, म्हणजे सी ड्राइव्हवर, राहतो. दुकानदार सी फॉर्मॅट करतो, डी ड्राइव्हवरच्या फायली जशाच्या तशा असतात, आणि तरीही आजोबांचे टाइप केलेले आत्मवृत्त उघडल्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन गठ्ठा समोर येतो. युनिकोडमध्ये रूपांतर करून देणारी साधने आहेत, पण जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असल्याने त्यांची उलटापालट करताना ही साधने चुकतात, म्हणून प्रत्येक पान मूळ रूपाशी ताडून पाहावे लागते. आणि ते मूळ रूप पडद्यावर दाखवायला पुन्हा तोच फाँट लागतो. मराठीतला पंचवीस-तीस वर्षांचा मजकूर आजही अशा अवस्थेत पडून आहे, ही खरोखर काळजी करण्याजोगी गोष्ट आहे.

दुसरी किल्ली बिटलॉकरची. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत विंडोज संपूर्ण डिस्क आपोआप कूटबद्ध करते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात साठवते. अशी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की ४८ अंकी रिकव्हरी की विचारली जाते. ती कुठे ठेवली आहे, हे लॅपटॉप धड असतानाच पाहून कागदावर उतरवून ठेवलेले बरे.

प्रत्यक्ष काम करताना बाधित विंडोज चालू ठेवून फायली उतरवू नयेत, कारण जोडलेल्या पेन ड्राइव्हवरही व्हायरस उतरतो; त्याऐवजी दुसऱ्या निर्धोक संगणकावर तयार केलेल्या लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करावे आणि दस्तऐवज, छायाचित्रे, हिशेबाचे डेटा फोल्डर व फाँट एवढेच उचलावे. प्रोग्रामच्या फायली आणि शॉर्टकट मुळीच घेऊ नयेत. शॉर्टकट व्हायरसने ग्रासलेल्या पेन ड्राइव्हमध्ये मूळ फोल्डर बहुधा नष्ट झालेले नसतात, ते लपवलेले असतात आणि त्यांच्या नावाचे बनावट शॉर्टकट समोर मांडलेले असतात, त्यामुळे ‘सगळे गेले’ असे समजून पेन ड्राइव्ह फॉर्मॅट करणे ही टाळता येण्याजोगी हानी आहे. डी ड्राइव्ह सुरक्षित असतो हा समजही सोडावा, कारण तो बहुधा त्याच डिस्कचा एक कप्पा असतो. आणि सतत जोडून ठेवलेल्या बाहेरच्या डिस्कची अवस्था मर्स्कच्या त्या दीडशे सर्व्हरांहून वेगळी नसते.

शक्य असेल तर जुनी डिस्क पुसण्याऐवजी काढून बाजूला ठेवावी आणि विंडोज नव्या एसएसडीवर टाकावे. अपडेट आणि अँटिव्हायरसची तपासणी झाल्यावर बॅकअपमधली सर्वांत जुनी मराठी फाइल उघडावी, तिच्यातले एक पान सावकाश वाचावे, ‘ऱ्या’, ‘ट्र’, ‘क्ष’ अशी जोडाक्षरे आपापल्या जागी आहेत का ते पाहावे, आणि ती तशी दिसेपर्यंत जुनी डिस्क कपाटातच राहू द्यावी.