विश्लेषण : उभ्या विमानामागचा न दिसणारा झोत किती घातक?

विमान अपघात म्हटला की डोळ्यांसमोर येते धावपट्टी किंवा आकाश. पण माणसे विमानाच्या इंजिनाच्या सर्वात जवळ वावरतात ती एप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेत. सामान चढवणारे, इंधन भरणारे, शिडी लावणारे, बसमधून उतरून चालत निघालेले प्रवासी, सगळे तिथेच असतात. गर्दीच्या विमानतळांवर त्यांच्यापासून काही मीटरवर इंजिने सुरू असतात.

जेट ब्लास्ट म्हणजे काय?

जेट इंजिन पुढून हवा खेचते आणि मागे प्रचंड वेगाने फेकते. हा झोत गरम असतो, पण दिसत नाही. बोइंग 737 सारख्या विमानाचे इंजिन नुसते मंद गतीने सुरू असले, तरी मागे सुमारे 30 मीटरपर्यंतचा भाग धोक्याचा धरतात. मोठ्या विमानाने जागचे हलण्यासाठी जोर लावला, की हे अंतर 100 मीटरच्याही पुढे जाते.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. ताशी 100 किलोमीटरच्या झोताचा दाब दर चौरस मीटरला साधारण 48 किलो वजनाइतका असतो. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाच्या कंटेनरची एक बाजू दोन चौरस मीटरहून मोठी असते आणि रिकाम्या कंटेनरचे वजन शंभर किलोच्या आत. म्हणजे ट्रॉलीवर नीट न अडकवलेला रिकामा कंटेनर हा झोत सहज उडवू शकतो. माणसाला थेट झोतापेक्षा अशा उडालेल्या वस्तूंचा आणि तोल जाऊन पडण्याचा धोका जास्त.

गर्दीने धोका का वाढतो?

उभ्या विमानाला पहिला हिसका देण्यासाठी चालत्या विमानापेक्षा बराच अधिक जोर लागतो. मोकळ्या एप्रनवर विमान एका दमात वळून जागेवर येते. गर्दीत मात्र पुढची जागा रिकामी नसते, आड एखादा ट्रॅक्टर येतो, आणि वैमानिक वळणाच्या मध्येच थांबतो. पुन्हा निघताना इंजिनाची शेपूट नेमकी शेजारच्या विमानाकडे वळलेली असते. तिथे शिडीवर कोणी असेल तर?

इंधनबचतीचीही यात भर पडते. एकाच इंजिनावर टॅक्सी करण्याची पद्धत आता रूढ आहे. त्यात तेल वाचते हे खरेच, पण दोघांचे काम एकट्या इंजिनाला करावे लागते आणि त्याचा झोत तेवढा तीव्र होतो. एप्रनवर तरी या बचतीचा आग्रह धरू नये.

नियम असतात, मग अपघात का होतात?

31 डिसेंबर 2022 रोजी अमेरिकेतील मंटगमरी विमानतळावर एम्ब्रेअर 175 विमान येऊन थांबले. त्याचे सहायक वीजसंच बंद होते, त्यामुळे बाहेरची वीज जोडेपर्यंत एक इंजिन सुरू ठेवावे लागणार होते. कर्मचाऱ्यांना आधी दोनदा तशी सूचनाही दिली होती. तरीही एक कर्मचारी सुरक्षा शंकू ठेवायला विमानाजवळ गेली. प्राथमिक तपास अहवालानुसार मागच्या झोताने ती पडता पडता वाचली, पण थोड्याच वेळात पुढच्या बाजूने इंजिनात ओढली गेली. तिच्या कंपनीला झालेला दंड होता 15,625 डॉलर.

मुंबईत 16 डिसेंबर 2015 रोजी हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या इंजिनात एक तंत्रज्ञ असाच ओढला गेला. पुशबॅक झाल्यावर तो इंजिनाजवळच असताना विमान पुढे सरकले.

या दोन्ही घटनांत मृत्यू झोताने नव्हे, ओढीने झाला, पण मूळ एकच. इंजिन सुरू आहे की नाही, हे एप्रनवरच्या माणसाला कळायचे कसे? कानांवर आवाजरोधक, आजूबाजूला चार इंजिनांची घरघर. उरतो विमानाच्या पोटावर आणि पाठीवर लुकलुकणारा लाल दिवा. तो विझेपर्यंत जवळ जायचे नाही, हा नियम जगभर आहे. मात्र पुढचे उड्डाण उशिराने असले की सगळ्यांची नजर दिव्याऐवजी घड्याळाकडे जाते. एप्रनवरची बरीच कामे कंत्राटी हातांनी होतात, हेही विसरून चालणार नाही.

उपाय कोणते?

झोत वर वळवणाऱ्या भिंती काही ठिकाणी असतात, पण त्यांना जागा लागते आणि मुंबईकडे नेमकी तीच नाही. परस्परांना छेदणाऱ्या धावपट्ट्यांमुळे तिथे एका वेळी एकच वापरता येते. तिच्यावरून विमाने सतत ये-जा करतात आणि त्यांचा भार एप्रनवरच येतो. ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाने तो काहीसा हलका व्हावा. पुण्यात तळ हवाई दलाचा असल्याने नागरी विमानांची जागा मोजकीच आहे.

खरा उपाय म्हणजे गर्दीच्या भागात इंजिन सुरूच न करणे. वैमानिकाने चालवायचे ‘टॅक्सीबॉट’ हे ओढयंत्र विमानाला धावपट्टीजवळ नेऊन सोडते. एअर इंडियाने ते दिल्लीत प्रवाशांसह ऑक्टोबर 2019 मध्येच वापरले होते. त्याची भलामण आजवर झाली ती मुख्यतः इंधनाच्या हिशेबात. एप्रनवरच्या माणसांचा हिशेब त्यात क्वचितच मांडला गेला.