सायकलची वाट कोणाच्या बांधावरून?

“सायकल चालवा, असे तुम्ही डॉक्टर मंडळी सांगता, पण चालवायची कुठे?” असा प्रश्न वाचक हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. हमरस्त्याच्या कडेने भरधाव डंपर चुकवीत सायकल हाकणे म्हणजे व्यायामापेक्षा जिवाला घोर जास्त.

तरीही सायकलची गरज नाकारता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कामाला किंवा बाजाराला जाताना-येताना रोज अर्धा तास सायकल चालवली, तर पाच दिवसांत हा हिशेब पुरा होतो. वेगळा वेळ नको आणि पैसाही नको. शिवाय गुडघ्यांवर शरीराचा सगळा भार पडत नाही.

शाळकरी मुलींचा प्रश्न तर त्याहून मोठा आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली देण्यात आल्या. सायकल दारात आली, पण सुरक्षित वाट आली नाही. मग घरचे म्हणतात, “रस्ता बरा नाही, नको जाऊस.” सायकल पडवीत गंजते आणि मुलीची शाळा सुटते.

म्हणून गावोगावी सायकल मार्ग हवेत. मात्र ते आखताना धरणापासून डोंगरावरच्या देवळापर्यंत नकाशावर एक रेघ ओढून चालणार नाही. मार्गाची सुरुवात शाळा, बाजार आणि आरोग्य केंद्र यांपासून झाली पाहिजे. सहलीची हौस नंतर भागवता येईल.

पहिली जागा पाणंदीची. जुन्या गावनकाशात गाडीवाटा दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाटा एकेरी तुटक रेषेने दाखवलेल्या असतात. यांतल्या कित्येक वाटा आज बाभळींनी आणि अतिक्रमणांनी बुजल्या आहेत. त्या मोकळ्या केल्या, तर निम्मे काम कोणाची जमीन न घेता होईल. वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो.

दुसरी जागा खाजगी शेताची. इथे शेतकऱ्याला दोष देण्याची आपल्याला फार घाई असते. त्याची भीती खोटी नाही. आज सायकलीला वाट दिली, उद्या तिथून ट्रॅक्टर गेला, परवा डांबर पडले, तर त्याचे चार गुंठे गेलेच म्हणायचे. जमीन महसूल संहितेचे कलम १४३ शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जाण्यासाठी बांधावरून वाट मिळवून देते. सायकलस्वारांसाठी ते नाही. म्हणून मालकाची लेखी संमती आधी, आखणी नंतर. किती फूट, कोणत्या बांधाने, कोणत्या वाहनांना बंदी आणि पिकाच्या नुकसानीची भरपाई कोण देणार, हे सारे कागदावर यावे. आरोग्याच्या नावाखालीसुद्धा कोणाचा बांध कोरू नये.

तिसरी जागा वनाची. १९८० च्या वन कायद्यामुळे वनजमीन इतर कामाला वापरण्यापूर्वी केंद्राची मंजुरी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्यात गावाच्या रस्त्यासारख्या सोयींना थोडी सवलत आहे. जमीन एका हेक्टरपेक्षा कमी, झाडे हेक्टरी ७५ पेक्षा जास्त तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. तीन मीटर रुंदी धरली, तर ही सवलत जेमतेम सव्वातीन किलोमीटर पुरते. अभयारण्यात तर सर्वसाधारण माणसाला परवानगीशिवाय प्रवेशच नाही. माझे मत स्पष्ट आहे. तिथे वळसा घ्यावा. दोन किलोमीटर जास्त पडले, तर व्यायामच जास्त होईल. पहाट आणि तिन्हीसांज ही रानातल्या जनावरांची वेळ. ती त्यांचीच राहू द्यावी.

हे काम मोठ्या निधीची वाट पाहत बसण्याचे नाही. येत्या ग्रामसभेत गावनकाशा पुढे ठेवायला सांगा. शाळेपर्यंतची एक बुजलेली पाणंद निवडा, तिची मोजणी मागा, ज्यांचे बांध लागतात त्यांना आधी विश्वासात घ्या. काटेरी झुडपे काढून मुरूम पडला, की सायकलीला आणखी फार काही लागत नाही. मधुमेहाच्या गोळ्या जन्मभर विकत घ्याव्या लागतात. पाणंद एकदा मोकळी केली, की पुढच्या पिढीलाही पुरते.