पिशवी घरी का राहिली?

सेनगाव तालुक्यातील पुसेगावसारख्या गावाच्या आठवडी बाजारात घटकाभर उभे राहावे. पावशेर मिरचीला एक पिशवी, कोथिंबिरीच्या जुडीला दुसरी! भाजीवाल्यास जाब विचारला, तर पिशवी नाकारल्यास गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाकडे वळते, असे तो सांगेल. त्याचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच सारा दोष त्याच्या माथी मारून आपली सुटका होत नाही.

कायदा नाही, अशी सबबही आता उरलेली नाही. २६ जुलै २००५ च्या प्रलयात मुंबईचे नाले पिशव्यांनी तुंबल्याचे आपण पाहिले. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली. पहिल्याच गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड ठेवला. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंना देशभर मनाई झाली. तरीही पिशवी गेली नाही. कारण तिची मागणी गेली नाही.

गरिबाला दुसरे काय परवडणार, असा युक्तिवाद केला जातो. जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी कोणाला परवडत नाही? उलट, फुकटच्या पिशवीची किंमत गरीबच मोजतो. उकिरड्यावरील शिळ्या अन्नासकट गाय ती गिळते. कोटीपोटात ती पचत नाही, बाहेरही पडत नाही; साचत जाते, आणि एके दिवशी दावणीचे जनावर जाते. उरलेल्या पिशव्या ओढ्यावाटे कयाधूत, तेथून पैनगंगेत आणि अखेर गोदावरीला मिळतात.

आणि आपण? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्लॅस्टिकचा वापर टाळण्यासारख्या लहान कृतींचीही थोरवी सांगितली. आपण मात्र मिस्सात सृष्टीबद्दल देवाचे आभार मानतो आणि सणाच्या स्नेहभोजनानंतर मंदिराच्या आवारात पेल्यांचा खच पाडतो. ही विसंगती धर्मगुरूंनी नव्हे, आपण कुटुंबांनीच मोडली पाहिजे. मराठवाड्यात पळसाच्या पत्रावळीवर पिढ्यान् पिढ्या पंगती उठल्या. त्यामुळे कोणाचा मान कमी झाला नाही.

पुढच्या सणाला ताट-पेला घरून आणावा, बाजाराला निघताना कापडी पिशवी घ्यावी. हे न करणाऱ्याने शासनाच्या ढिलाईबद्दल बोलू नये.