देणगी नको, पद्धत बदला

लेखन-कार्यशाळांच्या जाहिरातींतून हल्ली एक नवीच भाषा वाचायला मिळते. ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया ही म्हणे निसर्गाची देणगी. आपले न्यूरोडायव्हर्जन्ट असणे, म्हणजे मेंदूचे काम रूढ चाकोरीबाहेर चालणे, मनापासून स्वीकारा की सर्जनशील कारकीर्द घडलीच. काल ज्याला 'ढ' म्हटले त्याला आज प्रतिभावंत म्हटले, की आपले पाप फिटले अशी ही समजूत आहे. मला ती मान्य नाही. 'ढ' म्हणणारा आणि 'प्रतिभावंत' म्हणणारा, दोघेही शिक्का मारून मोकळे होतात. समोरच्याचे लेखन वाचण्याचे कष्ट कोणीच घेत नाही.

'तारे जमीं पर' (२००७) या चित्रपटाने डिस्लेक्सिया घराघरांत पोचवला, हे त्याचे ऋण मान्यच आहे. पण त्यातला ईशान शेवटी चित्रकलेची स्पर्धा जिंकतो. तो जिंकला नसता तर? स्वीकाराला बक्षिसाची अट घालणे हा स्वीकार नव्हे, सौदा आहे.

या संदर्भात ऑक्टेव्हिया बटलर या अमेरिकन लेखिकेचे उदाहरण मला मोलाचे वाटते. जन्म १९४७, कॅलिफोर्नियातील पॅसाडेना. आई घरकाम करणारी. आपण डिस्लेक्सिक आहोत हे बटलर उघडपणे सांगत. वाचन सावकाश होई. मोटार चालवणे त्यांनी टाळले, प्रवास बसने केला. १९७० साली त्या क्लॅरियन लेखन-कार्यशाळेत गेल्या. तिथे शिकवणाऱ्यांत सॅम्युएल डिलेनी होते. तेही डिस्लेक्सिक. कार्यशाळेच्या सुमारास दोन कथा विकल्या गेल्या, आणि नंतरची पाच वर्षे एकही नाही. पोटासाठी मिळेल ते काम करायचे आणि पहाटे दोनला उठून लिहायचे, असा क्रम चालू राहिला. पहिली कादंबरी १९७६ साली आली, 'किंड्रेड' १९७९ साली.

पुढे त्या स्वतः क्लॅरियनमध्ये शिकवू लागल्या. नवोदितांना त्यांनी काय सांगितले? वेगळेपणाचा देव्हारा मांडा, असे नाही. स्फूर्ती विसरा, प्रतिभाही विसरा, सवय लावा. सवय अधिक भरवशाची. रोज लिहा, पुन्हा लिहा, पाठवत राहा. मेंदूची जी चाल आहे ती ओळखून तिच्याभोवती कामाची पद्धत उभी करायची, हा खरा स्वीकार. त्यात कौतुकही नाही आणि कीवही नाही.

आता आपल्या साहित्य-विभागांकडे वळू. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना मान्यता दिली. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळू लागला. पण वर्गात काय दिसते? ऱ्हस्व-दीर्घ चुकले की निबंध न वाचताच बाजूला. कथा वाचून दाखवताना अडखळला, तर 'आधी नीट वाचायला शिक'. आपल्या लेखी शुद्धलेखन ही भाषेची शिस्त राहिलेली नाही, ती प्रवेशद्वारावरची चौकी झाली आहे.

यावर ठरलेला आक्षेप येईल : मग दर्जाचे काय? दर्जा सोडा असे कोण म्हणते? वेलांटी मुद्रितशोधक सुधारील. फसलेली कथा तो सुधारू शकत नाही. म्हणून आधी कथा तपासा, आणि तीही निष्ठुरपणे तपासा. विद्यार्थ्याला मजकूर ऐकायचा असेल तर ऐकू द्या, बोलून लिहायचे असेल तर बोलू द्या, सूचना तोंडी न देता लेखी हव्या असतील तर लिहून द्या. यात कोणती सवलत आहे? चष्मा लावणाऱ्याला आपण सवलत दिली असे म्हणतो काय?

'तू असामान्य आहेस' असे सांगायला शिक्षकाला काही खर्च पडत नाही. 'तुझा तिसरा परिच्छेद कोसळतो आहे, उद्या पुन्हा लिहून आण' असे सांगायचे, तर आधी तो परिच्छेद वाचावा लागतो. वेगळ्या मेंदूच्या विद्यार्थ्याचा हक्क या दुसऱ्या वाक्यावर आहे, आणि तेच त्याला आजवर नाकारले गेले आहे.