नागपूर हाकेवर, पण दाखला आडवा

वाचकहो, मराठी मुलूख मांडवी-जुवारीच्या काठी संपत नाही. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौसर हे मराठी बोलणारे, संत्र्याच्या बागा राखणारे तालुके. 2023 साली छिंदवाड्यातून काढून त्यांचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. तिथल्या बागाईतदाराच्या मुलाला बारावीनंतर रसायनशास्त्र पुढे शिकायचे असेल, तर त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते ते आज पाहू. आपल्या पोरांनाही ते उपयोगी पडेल.

शेतकऱ्याला आणि रापणकाराला रसायनशास्त्र कशाला, असे म्हणू नका. संत्र्याला डिंक्या लागला की खोडाला मोरचूद-चुन्याचे बोर्डो मलम लावतात. फवारणीच्या मिश्रणात चुना कमी पडला तर पालवी करपते. 2018 च्या जुलैत फॉर्मेलिनच्या संशयावरून गोव्याने बाहेरची मासळी रोखली, तेव्हा आपल्या बाजाराचा निवाडा प्रयोगशाळेच्या हाती होता. ती तपासणारी माणसे आपल्याच घरातली का नसावीत?

पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर; भोपाळ त्याच्या अडीच पटींहून लांब. नागपुरात रावबहादूर लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून 1942 साली रासायनिक तंत्रज्ञान शिकवणारी संस्था उभी राहिली. 2023 पासून ती विद्यापीठ आहे. तेव्हा पांढुर्णा आणि नागपूर एकाच प्रांतात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी रेघ ओढली गेली; नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्या रेघेची किंमत पोरे आज प्रवेशअर्जावर मोजतात. महाराष्ट्राच्या राखीव जागांसाठी तिथले शिक्षण आणि अधिवास पाहतात. कर्नाटकातील 865 सीमागावांच्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने वेगळी वाट ठेवली. पांढुर्णा-सौसर त्या यादीत नाहीत. एका आईच्या दोन लेकरांना दोन न्याय का?

परंतु गाऱ्हाणे गाऊन पोराचे वर्ष भरून येत नाही. उघडी दारे ओळखा.

पहिले दार आयसरचे. पुण्याची संस्था 2006 ची, भोपाळची 2008 ची. पाच वर्षांत पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण एकत्र होते. सर्व आयसरना एकच प्रवेशपरीक्षा, आणि राज्याचा कोटा नाही.

दुसरे दार राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांचे. रासायनिक अभियांत्रिकी नागपूर आणि भोपाळ दोन्हीकडे आहे. प्रवेश जेईई मेनवर. निम्म्या जागा गृहराज्याला. हे गृहराज्य अधिवासाच्या दाखल्यावर ठरत नाही, बारावी जिथून उत्तीर्ण झाली त्यावर ठरते. सौसरला बारावी केली तर भोपाळ घरचे, नागपूरला केली तर नागपूर. म्हणून हा विचार दहावीच्या निकालानंतर लगेच करा.

तिसरे दार गरिबाला परवडणारे. जवळच्या सरकारी महाविद्यालयात बी.एस्सी. करावी आणि मग 'जॅम' परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जावे. तिथेही कोणी गाव विचारत नाही.

भाषेचे मात्र जपा. जेईई मेन मराठीत देता येते. पण कोणत्या केंद्रावर मराठी प्रश्नपत्रिका मिळते ते माहितीपत्रकात पाहूनच केंद्र निवडा. आयसर आणि जॅम मराठीत नाहीत. मराठी माध्यमाच्या मुलाने रसायनशास्त्राचे इंग्रजी शब्द अकरावीपासूनच अंगवळणी पाडावेत. मराठीत समजलेले इंग्रजीत लिहिणे सरावाने जमते.

आणखी एक. पोर अकरावीत गणित सोडायला निघाले तर त्याला थांबवा. गणित गेले की रासायनिक अभियांत्रिकीचे दार बंद होते, आणि ते बंद करणारी रेघ कोणत्या सरकारने ओढलेली नसते.

बागेतला माल विकण्यापूर्वी आपण चार बाजारांचे भाव विचारतो. पोराच्या शिक्षणासाठीही तेवढी चौकशी करा. शाळेतल्या गुरुजींना या आठवड्यातच भेटा आणि तिन्ही परीक्षांच्या अर्जांच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवा.