काट मारण्यापूर्वी

‘कला शाखेला गेलास, म्हणजे गणितातून सुटलास!’ असे अभिनंदन आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला आले असेल. मला मात्र वाटते, की आपण गणितातून सुटलो नाही. गणित आपल्या हातून सुटले. त्याचे खापर आपल्या बुद्धीवर फोडण्याआधी ते आपल्याला कसे शिकवले गेले, हे पाहिले पाहिजे.

घातांकांचेच उदाहरण घ्या. ‘पाया समान असेल, तर गुणाकारात घातांकांची बेरीज आणि भागाकारात वजाबाकी’ हा नियम आपण पाढ्यासारखा घोकला. पण घातांक ही मुळात लिहिण्याचे श्रम वाचवणारी खूण. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६३७ साली आपल्या भूमितीच्या ग्रंथात ती वापरली. तरी वर्गासाठी तो पुष्कळदा तेच अक्षर दोनदा लिही. आपणही तसेच लिहून पाहू. अंशात पाच ‘अ’ एकमेकांना गुणलेले, छेदात दोन. दोनांना दोन गेले, वर तीन उरले. वजाबाकी आपोआप झाली! वर दोन आणि खाली पाच असतील, तर तीन ‘अ’ छेदात उरतात. ऋण घातांक याहून वेगळे काही सांगत नाही. वर तीन, खाली तीन असतील, तर भागाकार १. म्हणूनच घातांक शून्य असला, की किंमत १ येते. अट एवढीच, की ‘अ’ स्वतः शून्य नसावा, कारण शून्याने भागता येत नाही.

हे ज्याला उमगले नाही, तो दिसेल त्यावर काट मारतो. ‘अ अधिक ब, भागिले अ’ यातले दोन्ही ‘अ’ खोडून ‘ब’ हे उत्तर मीही लिहिले आहे. वहीत लाल फुली मिळाली. कारण मिळाले नाही. अ = २ आणि ब = ६ घेऊन पाहिले असते, तर ८ भागिले २ म्हणजे ४ आले असते, ६ नव्हे. काट मारायची ती गुणलेल्या अवयवाला, बेरजेतल्या पदाला नव्हे.

उद्या स्पर्धा परीक्षेच्या निमित्ताने हेच गणित पुन्हा आपल्यापुढे उभे राहील. तेव्हा नव्या युक्त्या पाठ करण्यापेक्षा जुन्या नियमाला ‘का?’ असे विचारावे. कवितेतल्या एका शब्दासाठी तासभर वाद घालणाऱ्या आपल्याला हे अवघड का जावे?